मोईजच्या अदलाबदलीची टिपणी

जळगाव,
शुक्रवार, सकाळी पावणेआठ.

तीर्थस्वरूप लीलाधर नाना यांच्या पायांवर अभिमनचं डोकं (लांबूनच, पण मनापासून).

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली, मोतीबिंदू नीट निघाला आणि आता तुम्हाला समोरच्या गच्चीवरच्या वाळवणातले पापडसुद्धा मोजता येतात, हे तुमच्या बहिणीकडून, प्रमिलाकडून, कळलं. वहिनींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. तुमच्या खालच्या खोलीला अजून भाडेकरू लाभला नाही आणि फोन नंबरचा बोर्ड तसाच आहे, हेही कळलं. लाभेल. तुमच्या डोळ्याचा विचार करून अक्षर मोठं काढलं आहे, त्यामुळे पानं वाढतील. (वहिनींकडून वाचून घेणार असाल तर त्यांना हळू वाचायला सांगा. कारण पुढे येईल.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "हो हो, बरं, ठेवतो" म्हणता आणि खरोखरच ठेवता. म्हणून आमच्याकडचा एक जण साडेआठच्या एस.टी.ने धुळ्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. तुमचं वाचून होईपर्यंत त्याला दारात उभं ठेवू नका. आत बसवा, पाणी द्या, चहा तर वहिनी विचारतीलच. उत्तर त्याच्याच हाती हवं आहे, तेव्हा तो थांबेल.

आता मुद्द्याला येतो. नाना, माझ्या हातून एका माणसाची बदली झाली आहे. तुम्ही म्हणाल, चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यावर त्यात नवल काय. पण मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि हा माणूस सरकारी नोकर नाही. तो बास्केटबॉल खेळतो. (तुम्हाला या खेळाचा राग आहे हे मला ठाऊक आहे. उंच माणसांनी उंचावरच्या टोपलीत चेंडू टाकण्यात कसलं कौतुक, असं तुम्ही आमच्या गृहशांतीच्या जेवणात म्हणाला होता. तरी ऐका.) खान्देशात सध्या चार संघांची साखळी चालते: जळगाव, धुळे, अमळनेर आणि फैजपूर. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या मानधनावर हंगामाला मिळून सहा लाखच खर्च करायचे, वर एक रुपया नाही, असा नियम आहे. याला पोरं सॅलरी कॅप म्हणतात. म्हणजे एखादा चांगला खेळाडू आणायचा तर आधी कुणालातरी पाठवावं लागतं. साखळी सुरू झाल्यापासून जळगावात निम्मे लोक खेळ बघतात आणि निम्मे फक्त कुणाला पाठवायचं याची चर्चा करतात. मी दुसऱ्या निम्म्यांत आहे.

ही चर्चा शकीलभाईंच्या टायरच्या दुकानापुढे भरते. बसायला जुने टायर आहेत. त्यात एकदा माणूस रुतला की हात दिल्याशिवाय उठता येत नाही, त्यामुळे चर्चा लांबते. आमच्यात सगळ्यात जाणकार म्हणजे डाळ मिलमधला भटू. हा सकाळी सहाला उठून मोबाइलवर अमेरिकेतले सामने बघतो आणि संध्याकाळी येऊन तिकडच्या कोट्यवधींच्या अदलाबदली आम्हाला अशा सांगतो की जणू त्याच्या सहीशिवाय त्या अडल्या होत्या. यंदा भटूच्या डोक्यात एकच. आपला मोईज धुळ्याला द्यायचा आणि धुळ्याचा स्वप्नील आणायचा. स्वप्नील सहा फूट पाच इंच, मोईज सहा फूट तीन. शकीलभाई म्हणाले की मोईज गेला तर मी टायर उचलून आत ठेवीन, मग बसा मातीत. त्यावर भटू म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगा. तेना गुडघा कच्चा शे, आनि बठ्ठा पैसा तो एकलाच लई जास. बाकीनास्नी काय टायर चावाना का?" (आबा म्हणजे मी. साठीनंतर इकडे सगळे आबा होतात.) हे पंधरा दिवस चाललं. चेंडूला हात न लावता मला घाम फुटायचा.

मोईज तुम्हाला माहीत नसेल. आमच्या मागच्या गल्लीतल्या हसीनाबींचा मुलगा, वय चोवीस, पाइपच्या कारखान्यात कामाला. बाप लवकर गेला. हसीनाबी शिलाई करतात, प्रमिलाचे सगळे ब्लाउज त्यांच्याकडेच असतात. मोईज लहानपणापासून आमच्याकडे येतो, कारण आमच्या माळ्यावरचं मोठं पातेलं टाचा न उचलता काढणारा जळगावात तो एकटाच. पातेलं काढून झालं की प्रमिला त्याला भरीत-पुरी वाढते. हरल्यावर तो दोन दिवस नीट जेवत नाही, तेव्हा पातेल्याचं काहीतरी निमित्त काढून आम्ही त्याला बोलावतो. माझा त्याच्यावर जीव आहे. हे मी तोंडाने कधी बोललो नव्हतो, इथे लिहितोय.

आणि नाना, त्याच मोईजची बदली मी केली. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं. भटूचं तोंड बंद करावं म्हणून एका संध्याकाळी मी कागद घेतला आणि हिशेब मांडायला बसलो. आपल्या संघाचा खर्च पाच लाख अठ्ठ्याण्णव हजार. मोईजचे एक लाख चाळीस वजा केले. स्वप्नीलचे एक लाख बेचाळीस मिळवले. उत्तर आलं सहा लाख. एक रुपया वर नाही, एक रुपया खाली नाही. नाना, चौतीस वर्षांत माझी बेरीज पहिल्या फटक्यात अशी कधी जुळली नव्हती. बेरीज जुळली की मला कागदामागचा माणूस दिसत नाही, हा माझा जुना रोग आहे. मग मी नवा फुलस्केप घेतला. विषय लिहिला. संदर्भ लिहिला (टायरच्या दुकानातील दि. ४ रोजीची चर्चा). तीन परिच्छेद लिहिले, शेऱ्याच्या रकान्यात 'डावा गुडघा नाजूक, जिने टाळावेत, हरल्यावर जेवण्याचा आग्रह करावा' असंही प्रामाणिकपणे लिहिलं. आणि शेवटी हाताने आपणहून लिहिलं, 'सबब, अदलाबदलीचा प्रस्ताव मान्यतेस्तव सादर.' मला फक्त तो कागद कुणालातरी दाखवायचा होता. इतका सुंदर कागद भटूला दाखवून काय उपयोग.

आमच्या संघाचे व्यवस्थापक म्हणजे भामरेसाहेब. तेच, माझे जुने साहेब, तुम्ही त्यांना प्रमिलाच्या मंगळागौरीला पाहिलं होतं (साडेचार लाडू). मी मैदानावर गेलो, त्यांच्या टेबलावर कागद ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि पाणी प्यायला गेलो. माझी चूक एवढीच. साहेबांनी एकोणीस वर्षं माझा एकही कागद न वाचता सही केली होती. कारण माझं काम चोख असायचं आणि त्यांना मान वळवून माझ्याकडे बघायचा कंटाळा होता. खाली 'सबब' दिसलं की त्यांचा हात पेनकडे जातो. मी पाणी पिऊन परत आलो तर कागदावर हिरव्या शाईत 'मान्य' होतं, आणि शेजारच्या पोऱ्याने त्याचा फोटो धुळ्याला पाठवलाही होता. अदलाबदलीची मुदत त्याच दिवशी सहाला संपत होती. धुळेकरांनी अकरा मिनिटांत होकार दिला. मी साहेबांना म्हटलं, साहेब, हे नुसतं दाखवायला आणलं होतं. साहेब म्हणाले, "बोरसे, मसुदा नेहमीसारखा उत्तम आहे." वाचला नव्हता हो त्यांनी.

घरी येऊन प्रमिलाला सांगितलं. तिने ताट वाढलं, पण त्यात भरीत नव्हतं. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, तुम्हाला याचा अर्थ माहीत आहे. तीन दिवस पातेलं माळ्यावरच होतं, आम्ही छोट्या पातेल्यात दोनदा वरण केलं. चौथ्या दिवशी मोईज स्वतः आला. मी बोलायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "आबा, हिशेब बरोबर आहे तुमचा. मीपण जुळवून पाहिला." टिपणीची एक प्रत खेळाडूला द्यावी लागते, ती त्याने घडी घालून खिशात ठेवली होती. शेऱ्याचा रकाना त्याने वाचला असणार. तो हसला आणि पातेलं काढून दिलं. मला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरी काळजी इथून पुढे आहे. साखळीचा नियम असा की खेळाडूने आठ दिवसांत आपल्या नव्या शहरातला राहण्याचा पत्ता द्यायचा. (बाहेरगावचे खेळाडू फक्त सामन्याला उगवू नयेत म्हणून. या नियमाचा मसुदा कुणी करून दिला होता ते विचारू नका.) पत्ता नाही दिला तर करार रद्द. जळगाव त्याला परत घेऊ शकत नाही, कारण स्वप्नील आला आणि आमचे सहा लाख काठोकाठ भरले. कारखान्यातली नोकरी मोईजने सोडली आहे. म्हणजे पत्ता नसेल तर पोराचा हंगामही गेला, कामही गेलं, आणि हे सगळं माझ्या तीन परिच्छेदांपायी. आठवा दिवस उद्या आहे. मला अन्न गोड लागत नाही. काल मी चहात मीठ घातलं आणि अर्धा कप प्यालो तेव्हा कळलं.

स्वप्नीलला इथे खोली एका दुपारीत मिळाली. घरमालकिणीने पंखा नवा बसवून दिला, वर उंच माणसाला आखूड पडते म्हणून खाटेला पुढे स्टूल जोडून दिलं. मोईज रविवारी शकीलभाईंबरोबर धुळ्याला गेला. तीन खोल्या पाहिल्या. तिन्ही ठिकाणी आधी खोली रिकामी होती, भाडं ठरत आलं होतं, मग नाव विचारलं गेलं, आणि मग कळलं की त्या घरी नातेवाईक येणार आहेत. तीन घरं, नाना, आणि एकाच आठवड्यात तिन्हीकडे पाहुणे. मी मोईजला म्हटलं, धुळ्यात काही मोठं लग्न असेल. तो म्हणाला, असेल आबा. परत येताना बसमध्ये त्याने शकीलभाईंना काही बोलू दिलं नाही, भटूची नक्कल करून हसवत राहिला म्हणे. शकीलभाईंनी मला हे सांगितलं आणि मग टायरमध्ये हवा भरायचं सोडून तसेच बसून राहिले. मी हिशेब मांडणारा माणूस, पण हा हिशेब मला कुठल्याच रकान्यात घालता येईना.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा.

आपला,
अभिमन बोरसे

ता. क. १ : वरचं सगळं तुम्हाला सहज कळावं म्हणून लिहिलं. मागणं काही नाही. बत्तीस वर्षं झाली लग्नाला, जावई म्हणून मी काही मागितलेलं नाही (घड्याळ सोडून, आणि ते तुम्ही आपणहून दिलं होतं).

ता. क. २ : मागणं आहे. तुमची खालची खोली. जिना नाही, गुडघ्याला सोयीची. भाडं बोर्डावर असेल तेच, तीन महिन्यांचं आगाऊ माझ्या पेन्शनमधून. पत्त्याच्या कागदाचा मसुदा सोबत जोडला आहे, तुम्ही फक्त सही करायची. पण नाना, हा मात्र वाचून करा.

ता. क. ३ : मोईजने त्या रविवारी एका चौथ्या खोलीसाठी फोनही केला होता. नंबर कुणीतरी बोर्डावरून उतरवून दिलेला होता, घर त्याने पाहिलं नव्हतं. तिकडच्या गृहस्थांनी नाव ऐकलं, "पाहुणे येणार आहेत, बरं, ठेवतो" म्हणाले आणि ठेवला. मोईजने मला मोबाइलमध्ये तो नंबर दाखवला. शेवटचे आकडे चार सात चार सात. बत्तीस वर्षं तो नंबर आमच्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे. तो कुणाचा हे मी मोईजला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते घरातल्या घरातच राहील. म्हणूनच वहिनींना हळू वाचायला सांगितलं.

ता. क. ४ : पत्र एवढं लांब का, असं वाटलं असेल. ही कल्पना तुमच्या बहिणीची. ती म्हणाली, पानं वाढवा, संपेपर्यंत नाना त्याच्याबरोबर चहा पिऊन बसलेले असतील, मग काय बोलतात बघू. तेव्हा आता मान वर करून समोर बघा. पाहुणे येणार म्हणाला होता ना तुम्ही. तो आलाय. जाताना त्याला चौकटीखाली डोकं सांभाळायला सांगा, तुमचं दार जुनं आहे.

(याखाली दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलीने)

नाना, हाई मी लिखस, पमी. पोऱ्या सकायपाईन उपाशी शे. डबा मी तुनाकरता दिना, म्हनीसन तो उघडाव नही. तुले जे कराना व्हई ते मंग कर, पहिले तेले जेवाले वाढ. डबामा भरीत दोन जनसले पुरी इतलं शे.