डाव्या बुटातला खळगा

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस, थोडंच लिहितोय. इकडे सगळे बरे. बाबांचं बुटांचं दुकान चालू आहे. तुझी भावजय म्हणते, मी बाबांसारखाच घुम्या होत चाललोय.

बातमी अशी, की माझ्या डाव्या तळव्याच्या कमानीत वाटाण्याएवढी गाठ आलीय. घाबरू नकोस, तुझ्या वाटचंही माझं घाबरून झालंय. दोन महिने लपवली, शेवटी बायकोने लंगडताना पकडलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "कॅन्सर नाही, तंतूंची गाठ आहे. बहुधा राहीलच, पण जिवाला धोका नाही. कापली तर पुष्कळदा पुन्हा येते, म्हणून आधी बुटात तिच्यापुरती जागा करा. सहा महिन्यांनी दाखवा. मध्येच भराभर वाढली तर लगेच या." मग विचारलं, "घरात कुणाला होती?" मी ठणकावून नाही म्हणालो.

घरी येऊन बुटाच्या आतल्या तळाला खळगा कोरायला चामडं कापायची रापी घेतली आणि हातच थांबला. असा खळगा मी आधी पाहिला होता. बाबांच्या बुटात.

तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळे जमले, बाबा तेवढे आले नाहीत. लेकीपेक्षा दुकान मोठं, म्हणालीस आणि त्यांच्याशी बोलणं टाकलंस, ते बाबा जाईपर्यंत. मीही तुझीच री ओढली. आता खरं सांगतो. आदल्या दिवशी मी त्यांचे बूट पॉलिशला घेतले. मी काम नवंच शिकलेला, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. वाटलं, म्हाताऱ्याची रापी घसरली. चामड्याचा तुकडा बसवून खळगा भरला, घासून गुळगुळीत केला आणि सांगितलंही नाही. सकाळी ते नवा सदरा आणि तेच बूट घालून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. "काम आठवलं," म्हणाले. संध्याकाळी बुटात बोट फिरवत बसलेले मी पाहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

काल माळ्यावरून ते बूट काढले, तुकडा उचकटला आणि पाय आत घातला. ताई, गाठ त्या खळग्यात अलगद बसली. तीच जागा, तोच आकार. ना डॉक्टर, ना फोटो, नुसतं चाचपून कोरलेलं त्या माणसाने! आपण काय काय घेऊन जन्माला येतो गं! दोन महिन्यांनी मी न दुखता उभा राहिलो, आणि किती तरी वेळ उभाच होतो.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, "होती, वडिलांना." त्या म्हणाल्या, बहिणीलाही बघायला सांगा. तेव्हा दोन्ही तळवे अंगठ्याने दाबून बघ, हातांचेही, तिथेही अशी गाठ येते म्हणे. काही लागलं तर अंगावर काढू नकोस, आपल्या घरात ती खोड आहे.

बाबा तुझ्याकडे यायला निघाले होते, ताई. मी त्यांना परत फिरवलं. रागवायचं तर यापुढे माझ्यावर रागव, त्यांच्यावरचा राग सोड.

तुझा,
ते निघाले होते हे ठाऊक असून इतकी वर्षं गप्प बसलेला,
धाकटा