बाबांचं लुक आफ्टर

बुधवार, संध्याकाळ

दादाची बायको अ‍ॅनी केरळची. लग्नानंतर पहिल्यांदाच जबलपूरला येतेय. तिला मराठी येत नाही, हिंदीही नाही. म्हणून इथल्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले आमचे बाबा माझ्याकडून इंग्रजी शिकून राहिलेत. सकाळी वैतागले.

"लुक तर एकच आहे ना? मग फॉर लावलं की शोधणं, आफ्टर लावलं की सांभाळणं. असं काहून?"

मला तरी कुठे सांगता येतं!

आज व्हिडिओ कॉलवर त्यांना म्हणायचं होतं, आम्ही तुझी वाट पाहतोय. लुकिंग फॉरवर्ड. दिवसभर तेच घोकत होते. आणि ऐन वेळी ठासून म्हणाले, "अ‍ॅनी, वी विल लुक आफ्टर यू."

मी दुरुस्त करणार, तेवढ्यात अ‍ॅनीचे डोळे भरून आले. तिला आईवडील नाहीत. डोळे पुसत म्हणाली, "थँक यू, बाबा."

आजवर ती त्यांना सर म्हणायची.

कॉल संपल्यावर बाबा घाबरले. "काही चुकलं का वं? ती रडून राहिली होती."

"नाही बाबा, एकदम बरोबर बोललात."

हे खोटं झालं का? मला तरी नाही वाटत.