पोलंडच्या ऑफिसची भवानी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि आता मी त्यांच्यात मोडतो. पोलंडच्या एका मसाला कंपनीचं लिएझन ऑफिस नंदुरबारात निघतंय. त्याचा प्रतिनिधी मी, योगेंद्र लोटन पाटील, मुक्काम पोस्ट म्हसावद. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातली क्लार्की गेल्या महिन्यातच सोडली. रंजिता म्हणत होती, आधी लेटर तर हातात येऊ द्या. बायकोला व्हिजन नाही.
संकल्प: रोज इंग्रजी पेपर वाचणे. फोनवर 'हाव' न म्हणता 'येस' म्हणणे.

६ नोव्हेंबर
पेपर आला नाही. (लावायचा राहिलाय.)
पोलंडहून कंपनीच्या आग्निएश्का मॅडमशी व्हिडिओ कॉल. एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितला. या ऑफिसने काही विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही, भाव बोलायचा नाही. माहिती काढायची आणि ओळखी करून द्यायच्या, बस. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज त्याच अटीवर गेलाय. अट मोडली की ऑफिस गेलं. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी समजलो होतो. हा धंदा नव्हे, वकिलात आहे. म्हणजे मी साधारण राजदूत.
कॉलमध्ये बहुतेक 'हाव'च म्हणालो. त्यांना चाललं.

९ नोव्हेंबर
दीपचंद शेठांच्या मिरचीच्या दुकानावरची खोली ठरवली. शेठनी विचारलं, माल काय ठेवणार? म्हटलं, काही नाही. विकणार काय? काही नाही. मग घेणार काय? तेही नाही. शेठनी मुलाला, श्रेणिकला, हाक मारली आणि सांगितलं की यांचं भाडं आगाऊ घे.

११ नोव्हेंबर
वडिलांना, म्हणजे आबांना, ऑफिस समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ईकनं नई, लेनं नई, मंग तठे करशी काय?" मी म्हटलं, प्रतिनिधित्व. आबा उठून मिरची तोडायला गेले.
इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला आबांच्या तोंडून एकदा 'बेस करं रे', म्हणजे छान केलंस, असं ऐकायचंय. पस्तिशी उलटली, अजून ऐकलेलं नाही. पोलंड वगैरे सगळं त्यासाठीच.

१८ नोव्हेंबर
रिझर्व्ह बँकेची मंजुरी अजून नाही. कंपनीचे सुरतचे सीए म्हणतात, थांबा. थांबणारे मागे राहतात. गुरुवारी उद्घाटन.
आई म्हणाली, "दुकान उघाडं नी भवानी नई? आसं कोठे ऱ्हास?" तिला सांगितलं, आई, हे दुकानच नाही. तिला पटलं नाही. शेठही तेच म्हणाले, पहिल्या दिवशी भवानी झाली नाही तर वर्षभर माशा मारत बसाल. दोघांनाही नियम ठणकावून सांगितला. तत्त्वाच्या बाबतीत मी पक्का आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
भवानी झाली.
तत्त्व मोडलेलं नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि जिन्याखाली आबा उभे. खांद्यावर आपल्या वावरातल्या लाल मिरचीचं पोतं. म्हणाले, "पहिला माल मन्हा ले." बापाने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. शेठनी गमतीने लिलाव पुकारला, दोन-चार व्यापारीही बोलू लागले. माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. कंपनीच्या नावाने सगळ्यांच्या वर बोली ठोकली. इतकी वर की लोक बोलायचे थांबले. (पैसे तूर्त माझे.)
आबा म्हणाले, "बेस करं रे."
शिवाय भवानी हा व्यवहार नव्हेच, तो धर्म आहे. राजदूतालाही धर्म असतो. पोत्याला हार घालून फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. खाली लिहिलं: फर्स्ट पर्चेस, व्हेरी ऑस्पिशियस.

२२ नोव्हेंबर
मॅडमचा मेल. 'पर्चेस' या शब्दाचा खुलासा करावा. पोलंडात इंग्रजी कच्चं दिसतं. सविस्तर कळवलं की नो पर्चेस, ओन्ली भवानी.

२३ नोव्हेंबर
मॅडम विचारतात, भवानी या बाई कोण, आणि कंपनीच्या नावाने त्यांनी खरेदी का केली?
उत्तर सावकाश देईन. घाईत माणूस चुकतो.

२५ नोव्हेंबर
सकाळपासून जिन्यावर शेतकऱ्यांची रांग. 'पोलंडचा भाव' गावोगाव पोचलाय. भाव बोलायचा नाही हा नियम पाळून सगळ्यांना चहा पाजला. 'नाही'ही म्हटलं नाही, प्रतिनिधीला ते शोभत नाही. खालचे व्यापारी माझ्याशी बोलेनासे झालेत. कंपनीचं नाव झालं की असं होतंच.
आबांनी तोडलेली मिरची कोणालाच दिली नाही. 'आपली कंपनी लई' (घेईल) म्हणून घरी ढीग लावून ठेवलीय. ओली मिरची फार दिवस दम धरत नाही. उद्या सांगतो त्यांना.

२८ नोव्हेंबर
सांगितलं नाही. उद्या नक्की.

२ डिसेंबर
मेल आला. कंपनीने अर्ज मागे घेतला. माझी सेवा आभारासह समाप्त. मिसेस भवानी यांनाही शुभेच्छा.
तात्पुरतं असावं.
दुपारी श्रेणिक वर आला. पोलंडहून त्याला मिरचीची चौकशी आलीय. फोटोत पोत्यामागे त्यांच्या दुकानाचा बोर्ड होता, फोन नंबरासकट. आता थेट व्यवहार होणार. म्हणजे ओळख करून देण्याचं काम मी चोख केलं, हे कुणी तरी कबूल केलं पाहिजे. श्रेणिकने पेढा दिला. खाल्ला.

५ डिसेंबर, म्हसावद
आबांना सांगायला आलो. ते खळ्यात मिरचीच्या ढिगापाशी बसले होते. खालच्या थराला पाणी सुटलेलं, मिरची काळी पडलेली. मी सगळं सांगितलं. मधे दोनदा कंपनीची चूक आहे असं म्हणालो. चांगली मिरची एका बाजूला, सडकी दुसऱ्या बाजूला, आबांचे हात चालूच. मग म्हणाले, "बठ. निवडू लाग."
बसलो.
थोड्या वेळाने शेजारचे हेमकांत नाना आले. त्यांनी आबांना विचारलं, सायेब आज खळ्यात कसा काय? आबा खोटं बोलत नाहीत. माझ्या लग्नाच्या बैठकीत कोणी विचारलं नसताना, पोरगा बारावीला नापास झाला होता, हे त्यांनीच सांगितलं होतं. मी मान वर केली नाही.
आबा म्हणाले, "सुट्टी शे त्याले. कंपनीनी दिनी."
मेल वाचून इतकं वाईट वाटलं नव्हतं.