उजव्या लाइटची कोरी काच

मुकेशदादा,

तू सांगितल्याप्रमाणे गाडीच्या मागच्या उजव्या लाइटचा बल्ब बदलला आहे. किल्ली खुंटीवर आहे.

बल्ब आपोआप उडाला, असे तू म्हणालास. मात्र वरची काच अगदी कोरी निघाली. दसऱ्याला आईने दोन्ही काचांवर हळदीची बोटे ओढली होती. डावीच्या खाचेत तो पिवळेपणा उतरत्या उन्हासारखा अजून रेंगाळतो आहे. उजवीवर त्याचा मागमूस नाही. ही काच कधी बदललीस?

समोर विचारण्याचे धैर्य नाही, म्हणून लिहितो आहे. सोमवारी मेडशीत कोणीतरी गाडी मागे घेताना माझ्या मित्राच्या वडिलांच्या, रंगरावकाकांच्या, भाजीच्या हातगाडीवर घातली. त्यांचा पाय मोडला. त्या दिवशी तूही मेडशीला होतास. काका म्हणतात, "गाडीवाल्याचं तोंड नाई दिसलं रे बाबू मले. पन 'सरक ना म्हाताऱ्या' म्हननारा आवाज हजारात ओयखतो मी."

मी त्यांचा डबा घेऊन वाशिमच्या दवाखान्यात जातो आहे. माझा संशय खोटा असेल, तर तूही ये. खाटेजवळ बस आणि "काका, कसं हाय आता?" एवढेच त्यांना ऐकू जाईल असे विचार.

शिवम