मेथीच्या बंद लिफाफ्याची व्यवस्था

मी, सगळ्या गल्लीत काटेवाले म्हणून ओळखला जाणारा, वय एकाहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती (आता बंद), हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. खात्री म्हणून आज सकाळी सतराचा पाढा म्हणून पाहिला. कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करणारं एकच माणूस होतं, ते सात वर्षांपूर्वी गेलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एखादं सापडलंच तर ते माझं नव्हे असं समजावं.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरची राहती जागा आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी जरा डावीकडे ढकलल्याशिवाय लागत नाही. खिडकी बदलू नये, सवय करून घ्यावी.

कलम दोन. पितळी वजनांचे संच, चिमटे आणि हत्यारांची पेटी हेही मुलीलाच. तिला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण तिच्याने ती विकवणार नाहीत, एवढं मला पुरे. सगळ्यात लहान काटा मात्र माझ्या धाकट्या भावाला द्यावा. तो औषधांचं दुकान चालवतो आणि सात वर्षं माझ्याशी बोलत नाही.

कलम तीन. मेथीची काचेची बरणी. माझी पत्नी रोज संध्याकाळी चमचाभर मेथी भिजत घालायची, सकाळी ते पाणी हातात द्यायची आणि दाणे समोर उभं राहून चावायला लावायची. पोट साफ राहतं, भूक ताळ्यावर राहते, गुडघे कुरकुरत नाहीत, असे तिचे दावे. चौतीस वर्षं मी तोंड वाकडं करून प्यायलो. बरणी मुलीने घ्यावी. तिचेही गुडघे आता बोलू लागले आहेत. मात्र डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून मेथीवर विसंबू नये. तिची आईही तसं कधी म्हणाली नव्हती.

कलम चार. लिफाफा. एकदा जेवताना भाऊ म्हणाला, "वहिनी, हे नुसतं कडू पाणी आहे. दादाला तुमच्या धाकानेच बरं वाटतं." त्या दिवशी हिच्या भांड्यांचा आवाज जास्त झाला. मला राग आला आणि, खरं सांगायचं तर, कुतूहलही वाटलं. जन्मभर लोकांचे काटे तपासले, पण घरातला दावा कधी तोलून पाहिला नव्हता. म्हणून प्रयोग मांडला. रिकाम्या कॅप्सूल भावाने दिल्या. पत्नीने वर्षभराच्या बारा डब्या एकदम भरायच्या, काहींत मेथीची पूड, काहींत भाजलेलं पीठ. कोणत्या महिन्यात काय, ते कागदावर लिहून लिफाफा चिकटवायचा आणि मला सांगायचं नाही. तेवढं वर्ष सकाळचं मेथीचं पाणी बंद. रोज जिना चढताना कितव्या पायरीला माझा हात कठड्याकडे जातो, तो आकडा मी वहीत लिहायचा. पायऱ्या चौपन्न.

पहिले सात महिने आकडा चाळिशीच्या पुढे राहिला. आठव्यापासून पंचविसाच्या आसपास घसरला. पीठ सुरू झालं, असं मी मनात म्हणालो आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी खूश झालो. बारावा महिना संपला आणि पंधरा दिवसांत ही गेली. लिफाफा तसाच राहिला. भाऊ म्हणाला, हरशील म्हणून उघडत नाहीस. मी त्याला दार दाखवलं. पण तो खोटं बोलला नव्हता. चांगल्या महिन्यांत पीठ निघालं असतं, तर तिच्या चौतीस वर्षांच्या सकाळी वाया गेल्या असं मीच ठरवलं असतं. ते मला सोसलं नसतं. सबब माझ्यामागे लिफाफा न उघडता जाळावा.

कलम पाच, चहानंतर लिहिलेलं. साक्षीला बसलेल्या इस्त्रीवाल्यांना वरचं कलम वाचून दाखवलं. ते कप खाली ठेवून म्हणाले, "काका, त्या वर्षी पीठ कुठलं? मेथी खाणाऱ्याच्या घामाला वास येतो, शर्ट धुतला तरी इस्त्रीखाली उठतो. वर्षभरात तुमचा एक शर्ट बिनवासाचा आला नाही." गल्लीतले सगळे काटे पारखले, पण स्वतःचा शर्ट हुंगून पाहायचं मला सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही अक्षरशः.

दुसऱ्या साक्षीदार, खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, यांनी न विचारता कात्री पुढे केली. आत बारा ओळी असायला हव्या होत्या. दोनच होत्या. "बाराही डब्यांत मेथीच आहे. तुम्हाला पीठ द्यायला माझा हात धजावला नाही."

वही पुन्हा काढली. आठव्या महिन्यात ही आजारी पडली आणि माझ्याबरोबर जिना चढेनाशी झाली. आकडा त्याच आठवड्यात घसरला आहे. याचा अर्थ मेथीने काही होत नाही असा नव्हे. मेथी नसती तर तो कुठवर गेला असता, हे वहीत नाही. मी जिंकलो नाही आणि हरलोही नाही. तिची फार आठवण येते, हे इथे नोंदवून ठेवतो.

साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून इस्त्रीवाल्यांना काही देत नाही. त्या वर्षीच्या शर्टांबद्दल माफी मागतो.

कलम सहा. जाळण्याची सूचना रद्द. कागद मुलीकडे राहावा, पण आधी तिने तो काकाला नेऊन दाखवावा. प्रयोग अपुरा आहे, तो पुरा व्हावा अशी माझी इच्छा आहे. गुडघे मुलीचे, तिची तयारी असेल तर. डब्या तिच्या काकाने भराव्यात, लहान काट्यावर तोलून, आणि दर महिन्याला स्वतः तिच्या घरी आणून द्याव्यात. पीठ भरायला तो कचरणार नाही असा माझा अंदाज आहे. वर्ष संपल्यावर दोघांनी एका टेबलाशी बसून त्याचा लिफाफा उघडावा. आणि पुतणीला पीठ द्यायला त्याचाही हात धजावला नसेल, तर त्याने आत तसं लिहावं. आमचं भांडण त्या दिवशी मिटलं असं समजावं.

वाचून पाहिलं, खाडाखोड नाही, सही माझीच.

लिहून ठेवणार: काटेवाले (सही)
साक्षीदार: इस्त्रीवाले (सही)
साक्षीदार: दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)
स्थळ: राहती जागा, तिसरा मजला, चौपन्न पायऱ्या
तारीख: १४ मार्च २०२६, शनिवार