चार दिवसांचे अठ्ठेचाळीस तास

नाशिक रोड, १२ जुलै १९९८

ती. सुनीलमामांस तृप्तीचा सा. न.

मी कॉम्प्युटरवर पगार काढायला लागले तेव्हा तो घोळ घालेल म्हणाला होतात ना? नाही घातला! आमच्या कारखान्यातली पेठ तालुक्यातली माणसं सध्या चार दिवस बारा-बारा तास काम करतात आणि तीन दिवस भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गावी जातात. त्यांच्यातल्या झिपरूदादांनी विचारलं, ओव्हरटाइम कुठंय म्हणून. मी सगळ्यांसमोर स्क्रीनवर दाखवलं. आठवड्याचे तास अठ्ठेचाळीस, लिमिट अठ्ठेचाळीस, ओव्हरटाइम शून्य. सुपरवायझर त्यांना फुकट्या म्हणाले, सगळे हसले. मीपण. झिपरूदादा गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून मला जेवण जात नाहीये. मी बरोबरच होते ना? मामींना नमस्कार. भाचीवर माया असू द्या.

तुमची तृप्ती

सटाणा, १७ जुलै

चि. तृप्तीस अ. उ. आ.

मामी म्हणते, आधी जेव, मग पुढचं वाच. जेवलीस? मी वीस वर्षं टाइम ऑफिसात हजेरी मांडली. इंग्लिश मिडियमच्या बाईसाहेब, आधी दिवस बघायचा, मग आठवडा. दिवसात नऊ तासांच्या वरचा प्रत्येक तास दुप्पट दराचा. बारा तासांत तीन, चार दिवसांत बारा. तासाला दहा रुपये धर, तर चारशे ऐंशी नाही, सहाशे होतात. झिपरूचं खरं होतं. कॉम्प्युटर बिचारा सांगितलं तेवढंच करतो. आता रडत बसू नकोस, निस्तर.

तुझा मामा

नाशिक रोड, २४ जुलै

ती. मामांस, मान खाली घालून सा. न.

तुमचा हिशेब शेठना दाखवला. तीन आठवड्यांचे माणशी तीनशे साठ द्यायला ते तयार झाले, पण बक्षीस म्हणून. चूक झाली हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर मी कामावर यायचं नाही. झिपरूदादांचं पाकीट घेऊन मी स्वतः पेठला गेले. ते बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या बायकोनं, कमळाबाईंनी, हे कशाचे म्हणून विचारलं. माझ्या तोंडून बक्षीस असंच निघालं. त्यांनी पाकीट माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाल्या, बक्षीस नको, माझ्या माणसाचं खरं होतं का तेवढं सांग. मामा, मी पाकीट पर्समध्ये घातलं आणि स्टँडवर आले. एसटीत रडले, त्याचा काय उपयोग?

आपल्या धाकट्या मनोजची कॉलेजची फी माझ्याच पगारातून जाते, आईला अजून काही बोलले नाही. रागवा, पण पत्र टाका.

तुमची तृप्ती

ता. क. चूक माझी होती असं लिहून, खाली सही करून कारखान्याच्या बोर्डावर लावायचा कागद तयार आहे. लावू का? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?