एखनचं नाव

ब्रागव्हिक, लुईस बेट
९ नोव्हेंबर १९५७

ती. डोलिना मावशीस,
पेगीचा स. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. सासरे गेले. पहिल्या तारखेला, शुक्रवारी सकाळी, दवाखान्यात. घोड्याला दाणा घालताना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर अकरा दिवस पडून होते. फिनली माग बंद ठेवून रोज बसने जायचा आणि वडिलांच्या उशाशी बसायचा. उजवी बाजू पार गेली होती. बोलणं इतकं अडखळत की नर्सला काही कळायचं नाही, फिनलीला मात्र कळायचं. सासूबाई एक दिवसाआड जात. मला बसचे हादरे नकोत म्हणून त्यांनी एकदाही जाऊ दिलं नाही. आता चुटपुट लागून राहिली आहे.

अंत्ययात्रेला सगळा गाव लोटला. पुरुष खांदे बदलत गेले, आम्ही बायका घरी थांबलो. चहा ओतता ओतता शेजारच्या मुरियलकाकूंनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, चला, एखन काही लांब गेला नाही. जमलेल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मला आठवा महिना सरत आलाय, तेव्हा हिशेब सगळ्यांनी मनात केलेलाच होता.

मुलगा झाला तर प्रश्नच नाही, सासऱ्यांचंच नाव. एखन म्हणायचं, रजिस्टरात हेक्टर लिहायचं. पण मुलगी झाली तर? मुरियलकाकूंनी तेही ठरवून टाकलंय: हेक्टरीना! मावशी, तूच सांग, एवढ्याशा जिवाला हे नाव पेलेल का? आणि पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, हा रिवाज आपल्याच बेटावरचा ना? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर या कानांनी बेहाग हे नाव फक्त तुझ्या तोंडून ऐकलंय, तेही तू सुट्टीला आलीस तरच. ते नाव मी मुलीसाठी राखून ठेवलं होतं. मुरियलकाकू म्हणतात की नुकताच गेलेला माणूस आधी, बाकीचे रांगेत.

फिनलीला विचारलं तर म्हणतो, बघू. आणि मागावर जाऊन बसतो. त्या खडखडाटात पुढचं काही बोलताच येत नाही.

तुझ्या पत्राची वाट बघते. माया पातळ करू नकोस.

तुझी,
पेगी

*

ग्लासगो
१७ नोव्हेंबर १९५७

चि. पेगीस,
मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र हॉटेलच्या भटारखान्यात, बटाट्यांच्या ढिगामागे बसून वाचलं. एखन भला माणूस होता. तुझ्या लग्नात मला बोटीपासून घरापर्यंत गाडीतून आणलं, तेव्हा सगळा रस्ता माझ्याशी न बोलता घोड्याशीच बोलत होता. ईना विहीणबाईंना माझं सांत्वन कळव.

आता नावाचं. हेक्टर आणि एखन यांचं काडीचं नातं नाही, ठाऊक आहे ना? आपल्या भाषेत एख म्हणजे घोडा, त्यावरून एखन, घोड्यांचा धनी. तुझ्या सासऱ्यांना ते शोभलंच. हेक्टर हा तिकडे ग्रीकांच्या गोष्टीतला कुणीतरी लढवय्या. कुठल्याशा कारकुनाला आपल्या भाषेतलं नाव लिहिता येईना, त्याने जवळचा म्हणून हेक्टर दिला आणि आपण घेतला. तुझ्या आईचंही तेच. बेहाग म्हणजे जीव, आयुष्य. कागदावर मात्र ती जन्मभर रिबेका. एकदा दवाखान्यात रिबेका म्हणून पुकारा झाला, तर ही बाई ढिम्म बसून राहिली आणि नंबर गेला म्हणून घरी येऊन माझ्यावरच चिडली.

माझं काय वेगळं? डोनल म्हणजे जगाचा राजा. त्याला शेपूट लावलं की डोलिना. जगाची राणी रोज चाळीस माणसांचे बटाटे सोलते!

तेव्हा माझं ऐक. मुलगी झाली तर घरच्यांना हवं ते नाव दे आणि तू हाक मार वाटेल ती. बेहागचा नंबर दुसऱ्या मुलीला. माझी बहीण होती ती, मी ओळखते तिला, रांगेत उभं राहायला तिची ना नसेल. नव्या विधवेशी भांडू नये. स्वतःला जप, पाणी भरायला जाऊ नकोस.

तुझी,
डोलिना मावशी

*

ब्रागव्हिक
२१ डिसेंबर १९५७

ती. मावशीस,
स. न. वि. वि.

मुलगी झाली. चौदा तारखेला, शनिवारी दुपारी. रविवारच्या आत सुटका झाली म्हणून सासूबाईंनी देवाचे आभार मानले. तुझ्यासारखं नाक आहे, त्याबद्दल मी कुणाचेही आभार मानलेले नाहीत. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

पण घरात बरं नाही. तुझा सल्ला मी पाळायचा असं ठरवलं होतं, खरंच. पण ती जन्मली, तिला माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडून बेहागच निघालं. सासूबाई पाणी तापवत होत्या. त्यांनी ऐकलं आणि चुलीत जळण सारलं. दोन दिवसांनी मुरियलकाकू आल्या, पाळण्यावर वाकून हेक्टरीना, हेक्टरीना करू लागल्या आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, माझ्या मुलीला मी तुमच्या मेलेल्या माणसाचं थडगं होऊ देणार नाही.

काकूंना उद्देशून म्हणाले, पण सासूबाई दारातच होत्या. त्यांनी हातातली जळणाच्या पिटाची टोपली चुलीपाशी ठेवली, एप्रनला हात पुसले आणि गोठ्यात निघून गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. माझं जेवण मात्र वेळच्या वेळी बिछान्याशी येतं, वर झाकण घातलेलं. लापशीत साय जास्तच असते. हे जास्त लागतं, मावशी. ताट आपटलं असतं तर मीही दोन शब्द बोलले असते. मुलीला त्या न्हाऊ घालतात, खांद्यावर घेऊन फिरतात, पण नाव म्हणून काही घेत नाहीत. छकुली, एवढंच.

एकवीस दिवसांत नोंद व्हावी लागते. चार जानेवारीच्या आत फिनलीला रजिस्ट्रारकडे जावं लागेल. तो अजून बघूच म्हणतोय.

तू सगळं चेष्टेवारी नेतेस. एकदा तरी सरळ सांग. तुला मेलेल्या माणसाचं नाव मिळालं होतं. कसं वाटलं? मला त्याचं उत्तर हवंय, सल्ला नको.

रागावू नकोस. पाठीशी राहा.

तुझी,
पेगी

*

ग्लासगो
२७ डिसेंबर १९५७

चि. पेगीस,
अ. उ. आ.

नाकाबद्दल वाईट वाटलं. मुलीसाठी लोकरीचा अंगरखा वेगळा धाडला आहे.

तू विचारलंस तेव्हा सांगते. हे मी तुझ्या आईशिवाय कुणाशी बोललेले नाही.

डोनल आमचा थोरला भाऊ. पंधरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर मासेमारीला गेला आणि खडकांपाशी नाव उलटली. वडील पोहत आले, तो आला नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी मी झाले. वडील मला लाडाने डोलाग म्हणत, शाळेतही डोलागच. आई एकटी मला पूर्ण नावाने हाक मारायची आणि हाक मारून झाल्यावर क्षणभर माझ्या मागे बघायची. लहानपणी मला वाटायचं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. मी वळून बघत असे.

सोळावा वाढदिवस झाला त्या दिवशी ती म्हणाली, आता तू त्याच्यापेक्षा मोठी झालीस. त्या दिवसापासून तिने मला नावाने हाक मारली नाही. नुसतं अगं, नाहीतर तू. त्याच वर्षी मी ग्लासगोला आले.

ओझं होतं का? होतं. पण टाकावंसं वाटलं का, असं विचारशील तर नाही. इथे मला सगळे डॉली म्हणतात. पहिल्या वर्षी फार सुटल्यासारखं वाटलं. मग एक दिवस लक्षात आलं की या एवढ्या मोठ्या शहरात माझं नाव घेताना डोनलची आठवण येईल असं कुणीच नाही. त्या दिवशी मी भांडी घासता घासता रडले, आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी रडले.

मला खरा त्रास नावाचा झाला नाही, पेगी. त्याच्याबद्दल कुणी एक शब्द सांगितला नाही, त्याचा झाला. त्याला काय आवडायचं, तो गायचा का, डावखुरा होता का, काही ठाऊक नाही. नाव दिलं आणि माणूस दडवला. विचारायची चोरी. तुझी आई मोठी, तिला आठवत होतं, पण तीही म्हणायची, नंतर सांगेन. नंतर ती गेली.

नाव कुठलंही ठेव. मी आता कुणाच्या बाजूची नाही. पण आजोबा कसे होते ते त्या मुलीला कळलं पाहिजे, आणि ते सांगणारं माणूस तुझ्या घरात गप्प बसलंय. तिला बोलतं कर.

तुझी,
डोलिना मावशी

*

ब्रागव्हिक
३१ डिसेंबर १९५७

सन्माननीय विहीणबाईंस,
स. न.

मला पत्रं लिहायची सवय नाही. शाळेत इंग्रजीच शिकवलं आणि मी बोलते ती भाषा लिहायला कुणी शिकवलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आपल्या बहिणीचं नाव आमच्या घरात येत आहे. ते आपल्याला आमच्याकडून कळावं, म्हणून लिहिते. शुक्रवारी फिनली नोंदीला जाईल. मी त्याला गोठ्यात सांगितलं, बेहाग लिही. सुनेला सांगितलेलं नाही. ती म्हणेल मी रागाने सांगते आहे. कागद हातात आला की कळेलच.

सून जे बोलली ते तिने आपल्याला लिहिलं असेल. मला राग आला नाही. मी गोठ्यात गेले कारण ती खरं बोलली आणि मला बसायला जागा हवी होती. माझं नाव केनेथिना. माझे आजोबा कोन्याख मी व्हायच्या आठवडाभर आधी गेले. कोन्याख म्हणजे देखणा, त्यालाच कागदावर शेपूट लावून केनेथिना झालं. एकसष्ट वर्षांत मला कुणी केनेथिना म्हटलं असेल तर पाद्रीबाबांनी लग्नात, एकदा. बाकी सगळे ईना. घरचेही ईना, एखनही ईना. ज्याच्यासाठी नाव ठेवलं तो गळून गेला आणि शेपूट माझ्याकडे राहिलं. या गावात आम्ही सात ईना आहोत. हेक्टरीना ठेवलं असतं तर वर्षभरात आठवी झाली असती. त्यात एखन कुठे?

मला हवं होतं ते वेगळंच. अडतीस वर्षं मी दिवसातून चाळीस वेळा एखन म्हणत आले. एखन, चहा झाला. एखन, बूट बाहेर काढ. आता तोंड उघडते आणि मिटते. लहान मुलीला त्या नावाने हाक मारून ते भरून निघेल असं मला वाटलं. ते चूक होतं.

मुलगी गुणी आहे. दूध चांगलं पिते.

आपली,
केनेथिना मॅकॉले

*

ब्रागव्हिक
६ जानेवारी १९५८

ती. मावशीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र दोन तारखेला मिळालं. दोनदा वाचलं आणि ओट्यावर बसून राहिले. सासूबाईंना बोलतं करायचं तर आधी आपण झुकलं पाहिजे, असं मनाने घेतलं. शुक्रवारी सकाळी फिनली बससाठी निघाला, तेव्हा मुलीला शालीत गुंडाळून त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, हेक्टरीना लिही, माझी हरकत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं.

दुपारी परत आला आणि दाखला टेबलावर ठेवला. त्यावर बेहाग! रजिस्ट्रार म्हणे आपल्याच भाषेतला माणूस, पण त्याने विचारलं, रिबेका लिहू ना? नेहमी तेच लिहितात. फिनली म्हणाला, तिच्या आजीला रिबेका म्हणून बोलावलं तर ती जागची हलायची नाही. (ती दवाखान्याची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली होती.) मग तो माणूस हसला आणि आपल्या भाषेतल्या नावाप्रमाणे लिहून दिलं. दोघांनाही त्याचं स्पेलिंग येईना, कानावर आलं तसं लिहिलं.

मी उसळलेच. मी तुला काय सांगितलं होतं, म्हणून ओरडले. सासूबाई चुलीपासून वळल्या आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, तू काय सांगितलं होतंस? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मी तर त्याला बेहाग लिहायला सांगितलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

तो बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, तुम्ही दोघींनी सांगितलं. मला विचारलं कुणी?

आणि मग त्याने सांगितलं. दवाखान्यात नवव्या दिवशी सासऱ्यांनी त्याला जवळ बोलावलं होतं. एकेक शब्द ओढत म्हणाले होते की मुलगा झाला तर बघा तुमचं तुम्ही. पण मुलगी झाली तर बिचारीच्या गळ्यात माझं नाव बांधू नका. हेक्टरीना! माणसाचं नाव आहे की बोटीचं?

मी विचारलं, हे इतके दिवस पोटात का ठेवलंस? तर म्हणाला, आईला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, माणूस गेला आणि जाताना नावही घेऊन गेला. आणि तुला सांगितलं असतं तर तू ते आईच्या तोंडावर फेकलं असतंस. खरं सांगते, मावशी. फेकलंच असतं मी.

सासूबाई स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या हसायला लागल्या. बोटीचं, म्हणाल्या, आणि एप्रन तोंडाला लावून इतक्या हसल्या की पाळण्यातली जागी झाली. मग डोळ्यांतून पाणी आलं, पण हसू थांबेना. हे त्यांचंच बोलणं, म्हणाल्या, अगदी त्यांचंच.

मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि त्यांच्याजवळ बसले. थडग्याच्या त्या शब्दांबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, राहू दे, आणि मुलीला थोपटू लागल्या. मग मी विचारलं, ते घोड्याशी काय बोलायचे? त्या सांगू लागल्या. चहा दोनदा निवला. फिनली मागावर गेलाच नाही, तिथेच बसून ऐकत होता. त्यातलं निम्मं त्यालाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी त्यांनी फिनलीला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. काल प्रार्थनेहून आल्यावर पुन्हा. आज सकाळी तो बाहेर पडत होता, तर त्याची बाही धरून म्हणाल्या, नीट आठवून सांग, बोटीचं म्हणाले तेव्हा हसले का रे?

फिनली म्हणाला, हसले. अर्धं तोंड हलत नव्हतं, आई, पण हसले.

उन्हाळ्यात ये. बेहागच्या आजीची बहीण तिला दाखवायची आहे.

तुझी,
पेगी